चिखलातली ठेव

आचऱ्याच्या खाडीत ओहोटीला उतरलं की पाय काळ्या चिखलात रुततो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास सांगतो, खाली प्राणवायू नाही. म्हणूनच कांदळ, तिवर, चिप्पी या खारफुटीच्या झाडांची पानं-मुळं तिथं पुरती कुजत नाहीत; त्यांतला कार्बन शतकानुशतकं साठून राहतो. कांदळवनातला बहुतेक कार्बन झाडांत नसतो, या चिखलात असतो. कोळंबीच्या तळ्यासाठी तो उपसला, की हवा लागून साठा वायुरूपानं उडून जातो. नवी रोपं लावून तो आपल्या हयातीत भरून निघायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये कांदळवनांची तोड थांबवण्याचा आदेश दिला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका होडीतून पाहुण्यांना ही झाडं दाखवतात. शाळांनीही मुलांना तिथं न्यावं, चिखलात उतरवावं.