घरच्या घरी रेकॉर्डिंग : सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

स्नेहसंमेलन जवळ आले की माझ्याकडे फोन सुरू होतात. "काका, मुलीचे गाणे रेकॉर्ड करून द्यायचे आहे, कॉम्प्युटरवर काय टाकू?" मी काही इंजिनिअर नाही. बँकेतून निवृत्त झालो, पेटी वाजवतो आणि घराच्या मागच्या खोलीत बरीच वर्षे थोडेफार रेकॉर्डिंग करतो, एवढीच माझी पात्रता. यंदा मात्र हा प्रश्न घरापुरता राहिलेला नाही. शाळेच्या संगीत-कक्षात नवा कॉम्प्युटर आला आहे आणि त्यावर स्टुडिओत वापरतात तसले मोठे, महागडे सॉफ्टवेअर घ्यावे, अशी सूचना काही पालकांनी विश्वस्त मंडळाकडे केली आहे. सूचनेमागची तळमळ मला समजते. तरी माझे मत वेगळे आहे.

आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. माझी आत्या देवासला राहत असे. तिला जात्यावरच्या ओव्या येत. काही तिच्या आजीकडून आलेल्या, काही इकडे आल्यावर जुळलेल्या. त्यांत मराठीच्या ओघात माळवीचे शब्द सहज येऊन बसलेले असत. २००९ च्या उन्हाळ्यात एका दुपारी मी कॉम्प्युटर आणि माइक घेऊन तिच्याकडे गेलो आणि वीसेक ओव्या रेकॉर्ड केल्या. पुढे कॉम्प्युटर बिघडला. फॉरमॅट करण्याआधी मी शहाण्यासारखी फाइल पेन ड्राइव्हवर काढून घेतली. नंतर उघडून पाहतो तो ट्रॅकची नावे दिसतात, आवाज नाही! बहुतेक रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये 'प्रोजेक्ट' म्हणून जी फाइल असते, तिच्यात आवाज नसतोच. कुठला आवाज कुठे लावायचा, याची ती नुसती यादी असते. खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये असतो, आणि तो फोल्डर मी उचललाच नव्हता. यादी जपली आणि माल पुसून टाकला. पुन्हा जाऊ, पुन्हा रेकॉर्ड करू असे म्हणत राहिलो. त्याच पावसाळ्यात आत्या गेली.

तेव्हापासून नवशिक्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना मी दोनच गोष्टी पाहतो. मूल पहिल्या दिवशी, कुणाच्या मदतीशिवाय, आपला आवाज त्यात भरू शकते का? आणि भरलेला आवाज साध्या फाइलच्या रूपात बाहेर काढून दहा वर्षांनी ऐकता येईल का? बाकी शेकडो बटणे आणि त्यांची रंगीत चित्रे नंतर.

या दोन्ही कसोट्यांवर माझे मत ऑडॅसिटी या प्रोग्रॅमला आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि २००० साली तो लोकांच्या हाती आला. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरलाही जड जात नाही. लाल बटण दाबा, गा, चौकोनी बटण दाबून थांबा. पडद्यावर आवाजाची लाट उमटते. नको तो भाग निवडून पुसायचा, जसा आपण शुद्धलेखनातला शब्द खोडतो. २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याचा सगळा प्रोजेक्ट एकाच फाइलमध्ये राहतो, त्यामुळे माझ्यासारखी फजिती होण्याचा धोका कमी झाला आहे. तरीही काम संपल्यावर 'एक्स्पोर्ट' करून वेव्ह फाइल काढून ठेवावीच. एमपी-३ पाठवायला सोयीची, पण ती आवाजातला काही भाग कायमचा गाळून लहान झालेली असते. वेव्हमध्ये सीडीच्या दर्जाचा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा, एकेरी आवाज मिनिटाला साधारण ५ एमबी जागा घेतो. आजच्या काळात ही जागा काहीच नाही.

आता महागड्या सॉफ्टवेअरविषयी. जाणकार मंडळी या जातीच्या प्रोग्रॅमना 'डॉ' म्हणतात. (हा डॉक्टर नव्हे, लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत.) ते वाईट नसतात, पण त्यांची घडण कशी आहे ते पाहा. यांपैकी पुष्कळसे प्रोग्रॅम उघडताच गृहीत धरतात की तुमचे गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे आणि चार-चार मात्रांच्या घरांतले आहे. पडद्यावर त्या घरांच्या उभ्या रेघा आखलेल्या असतात आणि कानात टिकटिक चालू होते. केरव्यातले भावगीत त्या घरांत ठीक बसते. दादऱ्याला एक सेटिंग बदलून बसवता येते. पण आपण इंदूरचे लोक आहोत. उस्ताद अमीर खाँ याच शहरात वाढले आणि अतिविलंबित झुमऱ्यातली त्यांची गायकी इंदूरच्या नावाने ओळखली जाते. चौदा मात्रांचा तो ठेका तीन-चार-तीन-चार असा चालतो, एकेका आवर्तनाला सावकाश वेळ लागतो आणि गाणे पुढे जाते तशी लय हलकेच वाढते. ती टिकटिकीवर नाही, गवई आणि तबलजी यांच्या समजुतीवर वाढते. आठवीतल्या मुलाला हे कोण सांगणार? त्याला एवढेच दिसते की आपला आवाज रेघेवर पडत नाही, म्हणजे आपले चुकले.

रेघा बंद करता येतात, टिकटिकही बंद होते, हे मला ठाऊक आहे. पण नवशिक्या माणूस समोर जे मांडलेले असते तेच बरोबर मानतो. मीही मानले होते.

सुरांचे तर याहून अवघड आहे. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून नावाचे साधन आले. आता सूर 'दुरुस्त' करणारे तसले बटण गॅरेजबँडमध्येही आहे आणि बँडलॅबमध्येही. हे बटण आवाज उचलून जवळच्या ठरीव सुरावर नेऊन ठेवते, आणि ते ठरीव सूर पेटीच्या पट्ट्यांसारखे बारा असतात. मग दरबारीतला आंदोलित कोमल गंधार कुठे ठेवायचा? मींडेचे काय करायचे? काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या मुलीचे भजन मी असेच 'सुधारून' दिले होते. तिने पूर्ण ऐकले आणि विचारले, "काका, हे कोण गातंय?" मी ती फाइल पुसली. तिची मूळची, एका जागी किंचित उतरलेली फाइलच संमेलनात वाजली. शिकणाऱ्या मुलाला आपला सूर कुठे उतरतो हे ऐकू आले पाहिजे. ते यंत्राने लपवले तर रियाज करायचा कशासाठी?

काही मुलांना मात्र गाण्यापेक्षा रचना करण्यात रस असतो. ढोल-ताशाचा ठेका धरायचा, त्यावर सिंथेसायझर चढवायचा, मित्राचे रॅप घालायचे, हे त्यांचे खूळ खरे आहे आणि ते मला आवडते. त्यांना ऑडॅसिटी कोरडी वाटेल. ज्यांच्या घरी ॲपलचा कॉम्प्युटर किंवा आयफोन आहे त्यांनी गॅरेजबँड वापरावे, ते फुकट मिळते. इतरांना बँडलॅब आहे. तेही फुकट, ब्राउझरमध्ये चालते आणि फोनवरही. मात्र त्यातले काम त्यांच्या सर्व्हरवर राहते, म्हणून गाणे पुरे झाले की आपली प्रत उतरवून घ्यायची. एफएल स्टुडिओच्या मोहात पडणाऱ्यांसाठी एक सूचना : त्याच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत माइकवरून गाणे रेकॉर्ड करण्याची सोयच नाही. हे पैसे भरल्यावर कळले की फार लागते.

आणि खरोखर अनेक ट्रॅकवर काम करायची वेळ आली, तर रीपर पाहावे. ६० दिवस संपूर्ण प्रोग्रॅम वापरून बघता येतो, नंतरचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे आणि शिक्षणसंस्थांनाही तोच दर लागू होतो. शाळेला कधी काही विकत घ्यायचेच असेल तर ते हे घ्यावे. पण आत्ता नको. दोन वर्षे मुलांना ऑडॅसिटीवर हात बसवू द्या. 'क्रॅक' केलेले महागडे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून देणारे दादा-भाई प्रत्येक मोहल्ल्यात असतात. ते घरी आणू नका आणि शाळेच्या कॉम्प्युटरला तर लावूच नका. त्यातून व्हायरस येतो हे एक, आणि मुलांना आपण चोरीचा माल हातात देतो हे दुसरे.

मग वाचलेल्या पैशाचे काय? विश्वस्तांना माझी विनंती आहे की दोन चांगले माइक, स्टँड आणि कान पूर्ण झाकणारे चार हेडफोन घ्यावेत. सॉफ्टवेअर कितीही भारी असले तरी खोलीचा घुमारा मागाहून काढण्यापेक्षा तो मुळात येऊ न देणे चांगले. संगीत-कक्षाच्या उघड्या भिंती आणि फरशी यांमुळे तिथे टाळी वाजवली तरी ती दोनदा ऐकू येते. खिडक्यांना जाड पडदे, खाली सतरंजी आणि गाणाऱ्याच्या मागे दोरीवर टाकलेली गोधडी, एवढ्याने जो फरक पडतो तो हजारोंच्या सॉफ्टवेअरने पडत नाही. घरी रेकॉर्डिंग करताना पंखा बंद, फ्रिजपासून लांब आणि शेजारच्या मिक्सरची वेळ सोडून. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी लाल होऊ देऊ नका. ती उणे १२ च्या आसपास नाचत राहिली की पुरे. गाण्याआधी पाच सेकंद गप्प बसा. त्या शांततेच्या नमुन्यावरून ऑडॅसिटी मागची घरघर कमी करू शकते. तेही बेताने, नाही तर माणूस हौदात बसून गातो आहे असे वाटते.

आणखी एक सवय लावून घ्यावी. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गाणी दिली, तेव्हा गाणे संपताच त्या आपले नाव मोठ्याने इंग्रजीत सांगत, म्हणजे तबकडी कुणाची हे पुढे कारखान्यात कळावे. आपणही रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यावी. फाइलचे नाव बदलते, पेन ड्राइव्ह हरवतो, पण आवाजातच भरलेले नाव आवाजाबरोबर राहते.

विद्यार्थी मित्रांनो, या दिवाळीच्या सुट्टीत पहिले रेकॉर्डिंग आपल्याच गाण्याचे करा, हौस भागवून घ्या. दुसरे मात्र घरातल्या सर्वांत वडील माणसाचे करा. आजीला गाता येत नाही असे ती म्हणेल. तिला भोंडल्याची गाणी विचारा, पाळणा विचारा, लग्नातले उखाणे विचारा. मग वेव्ह फाइल काढा, एक प्रत घरी आणि दुसरी मामाकडे किंवा काकाकडे ठेवा.

माझ्याकडे यूएसबीचा एक जास्तीचा माइक पडून आहे. तो दर शनिवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या कार्यालयात मिळेल, तारेसकट. सोमवारी परत आणून द्यावा, कारण रांगेत आणखीही मुले आहेत.