मोजून वाचणाऱ्यांची बाजू

दर जानेवारीत हा वाद ठरलेला. कुणीतरी जाहीर करतं, ‘यंदा ५२ पुस्तकं वाचणार’, आणि लगेच कुणीतरी सुनावतं, ‘पुस्तकं ही काय मोजायची गोष्ट आहे?’ हा दुसरा सूर ऐकायला भारदस्त वाटतो. वाचनाबद्दल ज्याला खरी आस्था आहे तो असंच बोलणार, असं ऐकणाऱ्याला वाटून जातं आणि आकडा सांगणारा ओशाळतो. त्याने ओशाळावं असं काहीही त्याने केलेलं नाही. दिवसाचे सगळे कोपरे कामाने आणि फोनने व्यापलेले असताना वाचनासाठी जागा राखायची, तर आकडा ठरवण्याइतका साधा आणि खात्रीचा उपाय दुसरा मला दिसत नाही.

विरोधकांचं म्हणणं मात्र नीट ऐकून घ्यायला हवं, कारण ते पोकळ नाही. ते म्हणतात, आकडा मानगुटीवर बसला की माणूस घाईने वाचतो. जाड पुस्तकाला हात लावत नाही. नेमाड्यांची ‘हिंदू’ वाचायची तर सहाशे पानं. तेवढ्या वेळात चार छोटी पुस्तकं होतात, मग ‘हिंदू’ कोण घेईल? शिवाय वाचनाच्या या आव्हानांमागे व्यापार आहे. गुडरीड्स हे वाचकांचं संकेतस्थळ २०११पासून दरवर्षी असं आव्हान चालवतं आणि २०१३पासून ते अॅमेझॉनच्या मालकीचं आहे. पुस्तकं विकणाऱ्या कंपनीला आपला आकडा वाढण्यात रस असणारच. आणि शेवटी, वाचन ही एकट्याने, आतल्या आत करायची गोष्ट. तिची शर्यत कशाला?

घाईचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो साध्या हिशेबापुढे टिकत नाही. अडीचशे पानांची ५२ पुस्तकं म्हणजे १३,००० पानं. दिवसाला पडतात ३५-३६. पानाला दोन मिनिटं धरली, म्हणजे अगदी निवांत वाचलं, तरी सव्वा तासाच्या आत काम होतं. आकडा २४ असेल तर अर्धा-पाऊण तास पुरतो. यात धावपळ कुठे आली? बावन्न पुस्तकांसाठी वेग वाढवावा लागत नाही, रोज सव्वा तास काढावा लागतो. तो निघत नाही, हीच खरी अडचण आहे. ‘मी कमी वाचतो, पण खोल वाचतो’ असं म्हणणाऱ्या किती जणांनी गेल्या वर्षभरात एक तरी पुस्तक खोल वाचलं, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहावं. आकडा नसला की वाचन संथ होतं असं नाही. बहुतेक वेळा ते बंद पडतं.

आणि वेगाने वाचणं व मुरवून वाचणं या गोष्टी एकमेकींच्या वैरी असल्यासारखं जे बोललं जातं, ते तर आपल्या मातीत अजिबात खरं नाही. गावातला अखंड हरिनाम सप्ताह पाहा. पहाटे काकडा होतो, मग ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. नऊ हजारांहून अधिक ओव्या सात दिवसांत संपवायच्या, म्हणजे सरासरी रोज तेराशेच्या आसपास. व्यासपीठावरून चाल धरली जाते, मांडवात ओळीने बसलेली माणसं पुढ्यातल्या पोथीवर बोट ठेवून एका सुरात वाचत जातात. चष्मा कपाळावर सरकवून अक्षरावर वाकलेली म्हातारी असते, नुकतीच दहावी झालेली पोरगी असते. कुणाचं ओवीवर थांबून चिंतन चाललेलं नसतं. वाचन पुढे जायला हवं, कारण आजचे अध्याय आज संपायला हवेत. आणि त्याच मांडवात रात्री कीर्तन उभं राहतं तेव्हा बुवा एकच अभंग घेतात आणि दोन तास त्यातून बाहेर पडत नाहीत. सकाळी तेराशे ओव्या, रात्री चार चरण. दोन्ही एकाच दिवशी आणि बरीचशी माणसंही तीच. ज्यांनी ही व्यवस्था बसवली त्यांना ठाऊक होतं की रात्रीचा अभंग उलगडतो तो सकाळच्या वाचनाने मन भिजलेलं असतं म्हणून.

मराठी मध्यमवर्गाचं वाचनही मोजूनच वाढलं, हे आज विसरायला झालंय. वाचनालयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेला तो कागद आठवा: उभे रकाने, त्यात जांभळ्या शाईच्या शिक्क्यांनी उमटलेल्या तारखा, एखादी अर्धवट, एखादी दुसरीवर चढलेली. त्या तारखेच्या आत पुस्तक परत न्यायचं, नाहीतर दंड. वर्गणी महिन्याची, पुस्तक एका वेळी एक. वर्गणी भरली आहे तर महिन्यात चार-पाच पुस्तकं तरी व्हायलाच हवीत, हा हिशेब घराघरात होता आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, पुढे वाचनालयांनी दिवाळी अंकांच्या योजना सुरू केल्या. एकदाच ठरावीक पैसे भरायचे आणि मुदतीत जमतील तेवढे अंक वाचायचे. वाचनाचं आव्हान म्हणतात ते याहून वेगळं काय आहे? शिक्क्याची ती तारीख वाचनालयाची होती, आज ती आपली आपल्याला घालून घ्यावी लागते, एवढाच फरक.

पातळ पुस्तकांचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. त्यात असं गृहीत धरलंय की पातळ ते हलकं. मराठीत हे म्हणायला धाडस हवं. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ पातळ आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पातळ आहे. इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं ‘युगान्त’ दोन-तीन संध्याकाळी वाचून होतं. आणि ‘युगान्त’कडे पाहिलं की खोल वाचन म्हणजे काय याचाही उलगडा होतो. महाभारताकडे ‘युगान्त’सारखं पाहता यायला बाईंजवळ समाजशास्त्राचा आणि नातेसंबंधांच्या अभ्यासाचा अफाट साठा होता, आणि आधाराला भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती होती. ती आवृत्ती १९१९ला सुरू होऊन १९६६ला पुरी झाली, शेकडो हस्तलिखितं ओळीला ओळ लावून ताडून. एका ग्रंथाच्या तळाशी जायचं तर त्याच्या भोवतीचं पुष्कळ काही वाचून काढावं लागतं. जो अनेक पुस्तकं वाचत नाही त्याचं एका पुस्तकाचं वाचनही वरवरचंच राहतं.

तरीही एक गोष्ट विरोधकांची मान्य करायलाच हवी. ‘हिंदू’ एक आणि साठ पानी पुस्तिकाही एक, असं मोजलं तर जाड ग्रंथावर अन्याय होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात माणसं पुस्तिका शोधू लागतात. उपाय सोपा आहे: पुस्तकांऐवजी पानं मोजावीत. दुसऱ्यांदा वाचलेलं पुस्तकही पूर्ण धरावं. आकडा चारचौघांत मिरवू नये, एका वहीत ठेवावा: पुस्तकाचं नाव, संपवल्याची तारीख, दोन ओळी. ‘वाचलेलं लक्षात राहत नाही’ ही तक्रार या दोन ओळींनी निम्मी तरी मिटते. आणि शाळेत मुलांवर आकडा लादू नये. संकल्प ज्याचा त्याने करायचा असतो. मास्तरांनी दिलेला आकडा हा गृहपाठ होतो.

आकडा सर्वांत जास्त फळतो तो त्याला दिशा दिली की. अॅन मॉर्गन या इंग्रज लेखिकेने २०१२ साली ठरवलं, की जगातल्या प्रत्येक देशाचं एकेक पुस्तक वर्षभरात वाचायचं. देश १९६. साओ टोमे आणि प्रिन्सिप या आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या बेटांच्या देशाचं एकही पुस्तक तिला इंग्रजीत मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांनी मिळून पोर्तुगीजमधून एक कथासंग्रह तिच्यासाठी अनुवादित केला. नुसती हौस असती तर ती त्या देशाला वळसा घालून पुढे गेली असती. १९६चा हट्ट होता म्हणून इंग्रजीत नसलेलं पुस्तक इंग्रजीत आलं.

आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही. साहित्य अकादमी २४ भाषांना मान्यता देते. वर्षाला २४ पुस्तकं, प्रत्येक भाषेचं एक, असा नेम एकदा करून पाहण्यासारखा आहे. कन्नड सोपं जाईल. उमा कुलकर्णींनी भैरप्पांना मराठीत असं आणलंय की ते इथलेच लेखक वाटावेत. बंगाली, हिंदी, गुजराती यांचीही वाण नाही. कोकणी तर मराठी वाचकाला थोड्या सवयीने मुळातूनच वाचता येईल. पण मणिपुरी, बोडो, संथाली, डोगरीशी आलं की मराठी वाचक अडेल. वाचनालयात विचारेल, मिळणार नाही. इंग्रजीतून किंवा हिंदीतून मिळवेल. असे शंभर वाचक वाचनालयांच्या टेबलाशी विचारू लागले, तर ग्रंथपालाच्या आणि प्रकाशकाच्या कानावर ही मागणी पहिल्यांदा पडेल. ‘मन मानेल ते, मन मानेल तेव्हा’ वाचणाऱ्याच्या हाती संथाली पुस्तक जन्मात येणार नाही. यादीतली तेविसावी जागा रिकामी दिसतेय म्हणूनच कुणीतरी ते शोधायला निघेल.

राहता राहिला संकल्प मोडण्याचा आक्षेप. मोडतात, खरं आहे. ५२ ठरवून २१वर थांबलेल्या माणसाची २१ पुस्तकं वाचून झालेली असतात आणि उरलेली यादी पुढच्या जानेवारीत कामी येते. यंदा पहिल्यांदाच आकडा ठरवलेला कुणी जूनमध्ये नवव्या पुस्तकावर अडून बसला असेल, तर ‘सोड रे, मोजू नये’ असं त्याला सांगणाऱ्यांनी ते सांगण्याऐवजी घरातली ‘बनगरवाडी’ काढून त्याच्या हातात द्यावी.