चार फ्री थ्रो आणि एक बळी

निक अँडरसन हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसेल. अमेरिकेत बास्केटबॉल पाहण्यात उमर गेलेल्या माणसापुढे ते उच्चारले, तर त्याच्या तोंडी पुढचा शब्द हमखास ‘चार’ हाच येईल. चार फ्री थ्रो. आयुष्यभर खेळून माणसाची एवढीच ओळख उरावी, हे मला पटत नाही. आणि मी ऑर्लँडो मॅजिक या संघाचा इतक्या दुरून, पण निष्ठावंत चाहता असल्यामुळे हे वकीलपत्र मीच घेणे बरे.

7 जून 1995 ची गोष्ट. एनबीएच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना, ऑर्लँडोच्या घरच्या मैदानावर. समोर गतविजेता ह्यूस्टन रॉकेट्स. मॅजिक हा 1989 मध्ये जन्मलेला संघ, पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेला. सुमारे साडेदहा सेकंद उरले होते आणि ऑर्लँडो 110–107 असे पुढे. अँडरसनला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे पंधरा फुटांवरून, कोणाचाही अडथळा नसताना चेंडू टोपलीत टाकणे. एक पडला असता तरी सामना बहुधा खिशात होता. दोन्ही हुकले. हुकलेला चेंडू अँडरसननेच झडप घालून परत मिळवला, पुन्हा फाउल, पुन्हा दोन संधी. त्याही हुकल्या. मग ह्यूस्टनच्या केनी स्मिथने तीन गुणांची फेक मारून बरोबरी साधली. जादा वेळात सामना 118–120 असा गेला आणि पुढे मालिका 4–0 अशी.

चेंडू कडीवर बदकन आपटून परतला की तिकडच्या बोलीत त्याला ‘ब्रिक’, म्हणजे वीट म्हणतात. यमक आयतेच होते. ‘निक द ब्रिक’ हे नाव त्याला चिकटले ते चिकटलेच.

आता जरा हिशेब पाहू. मी बँकेत नोकरी केली ती जाडजूड लेजरांच्या काळात. संध्याकाळी शिल्लक जुळली नाही, तर सकाळच्या पहिल्या व्हाउचरपासून टिक मारत यावे लागे. शेवटचे व्हाउचर ज्याच्या हातचे, त्याची गचांडी धरून घरी जाण्याची सोय नव्हती. त्याच रीतीने तो सामना तपासा. पूर्वार्धात ऑर्लँडोकडे 20 गुणांची आघाडी होती. ती काय एकट्या अँडरसनने उधळली? स्मिथने त्या रात्री तीन गुणांच्या सात फेकी टाकल्या, अंतिम मालिकेतला तेव्हाचा तो विक्रम. शेवटच्या फेकीआधी त्याने हूल दिली आणि आडवा आलेला आपला गडी हवेतच वाहून गेला. जादा वेळेची पाच मिनिटे हातात होतीच. अगदी शेवटी ड्रेक्सलरचा चेंडू हुकला, तो हकीम ओलाजुवानने नुसत्या स्पर्शाने आत ढकलला. घड्याळात तेव्हा 0.3 सेकंद होते. ऑर्लँडोच्या चौघांतल्या कोणाचाच हात तिथे पोचला नव्हता! आणि उरलेले तीन सामने? तेही त्याच चार विटांखाली गाडले गेले म्हणायचे का?

अँडरसनचे फ्री थ्रो त्या काळी शंभरांत सत्तरच्या आसपास पडत. अशा माणसाचे चार सलग हुकणे ही कागदावरच्या गणिताने सव्वाशेत एकदा घडणारी गोष्ट. ती घडली. ती त्याच्याच हातून घडली, हेही खरे. मी ते पुसायला निघालेलो नाही.

मला राग आहे तो पुढच्या काळाचा. 1996–97 च्या हंगामात त्याचे फ्री थ्रो चाळीस टक्क्यांवर घसरले. हात तेच, रेषा तीच, टोपली तेवढ्याच उंचीवर. मधे एवढेच झाले होते की प्रत्येक गावात त्या रेषेवर उभे राहिले की गॅलरीतून ती रात्र त्याला ऐकवली जाई. प्रतिस्पर्ध्यांचे प्रेक्षक हे करणार, ते त्यांचे कामच. पण स्वतःला आपले म्हणवणाऱ्यांनीही हिशेब त्याच्याच नावे टाकला, याला काय म्हणावे?

कारण हाच तो माणूस. बरोबर एक महिना आधी, 7 मे 1995 ला, शिकागोविरुद्ध ऑर्लँडो एका गुणाने मागे असताना मायकेल जॉर्डनच्या मागून येऊन त्याने चेंडू टिपला आणि सामना फिरवला. ती मालिका ऑर्लँडोने जिंकली. त्यानंतर जॉर्डन बाद फेरीची एकही मालिका हरला नाही. म्हणजे अंतिम फेरीचे दार उघडून देणाऱ्यांत अँडरसन होता. संघाने नव्याने निवडलेला पहिला खेळाडूही तोच. आपल्याकडे शारजात 1986 मध्ये मियाँदादने मारलेला शेवटच्या चेंडूवरचा षटकार लोक अजून चेतन शर्माच्या नावावर उगाळतात. पुढच्याच वर्षी नागपुरात त्याने विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली, हे किती जणांना आठवते?

अँडरसनच्या पाठीवर 25 हा आकडा असे. तो त्याच्या शिकागोतल्या मित्राचा, बेन विल्सनचा. देशातला सर्वोत्तम शालेय खेळाडू म्हणून नावाजलेल्या त्या पोराला 1984 मध्ये, सतराव्या वर्षी, रस्त्यात गोळी घालून मारले. ज्याने असे ओझे पाठीवर घेऊन दहा हजारांवर गुण केले, त्याच्या धैर्याविषयी गॅलरीतल्या माणसाने बोलूच नये.

1999 मध्ये क्लबने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकले. खेळणे संपल्यावर तो मात्र ऑर्लँडोतच परतला आणि त्याच क्लबतर्फे लोकांत मिसळण्याचे काम करू लागला.

या क्लबने 6 हा क्रमांक चाहत्यांच्या नावे राखून ठेवला आहे. मैदानावर पाच, सहावा प्रेक्षक. मधे पॅट्रिक यूइंगला तो वापरायला दिला होता, ते सोडा. खेळाडूंपैकी पहिला मान शॅकिल ओनीलच्या 32 ला मिळाला, तोही 2024 मध्ये. सहाव्याचा मान आधी, खेळाडूंचा नंतर! तो मान आम्ही मुकाट्याने घेतला आहे, तेव्हा त्या 118–120 मधला आमचा हिस्साही आमच्या खात्यावर टाकावा. माझ्या वाट्याला येईल तेवढा मी घ्यायला तयार आहे.