ठोसा कुणाचा, दुखणं कुणाचं?

दर्यापूर असो, मूर्तिजापूर असो की अंजनगाव, कॉलेजातल्या पोट्ट्यांनी सिनेमा काढायचं ठरवलं की पहिला विचार येतो फाइटचा. प्राध्यापक मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणतात, काहीतरी सामाजिक काढा, व्यसनमुक्तीवर काढा, स्वच्छतेवर काढा. म्हणजे पोट्ट्यानं कॅमेरा हाती घ्यायचा तोही सरकारी भिंतीवरच्या घोषणा रंगवायला! आम्ही म्हणतो, काढा ना बे मारामारीचा. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला, त्यांच्या पोरांना उलटा उचललेला हात पडद्यावर पाहावासा वाटला तर कुणाचं काय जळतं? अन् तुमचं महाभारत तरी काय आहे? अठरा दिवसांची फाइटच की.

तेव्हा भांडण फाइटशी नाही. भांडण आहे ती काढायची कशी आणि काढल्यावर जोखायची कशी, यावरून.

आधी जोखणाऱ्यांचं पाहू. स्पर्धेला परीक्षक येतात. हाती छापील कागद. कथेला दहा, छायाचित्रणाला दहा, ध्वनीला दहा, संकलनाला दहा. शेवटी शेरा: आवाज खरखरतो, प्रकाश पुरेसा नाही, चित्र हलतं. अहो, हे सिनेमाचं परीक्षण झालं की पोट्ट्याच्या बापाच्या पासबुकाचं? चांगला माइक, चांगला दिवा, चांगलं भिंग हे सगळं बाजारात विकत मिळतं. ज्याच्या घरी पैसा त्याचा आवाज स्वच्छ. मग त्याला ध्वनीचे दहापैकी नऊ कशाबद्दल दिले? बापानं पैसे कमावले म्हणून?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. विद्यार्थ्याच्या सिनेमातले दोष दोन ढिगांत टाका. एक ढीग गरिबीच्या दोषांचा. दुसरा ढीग आळसाच्या दोषांचा. पैशानं जे सुधारलं असतं ते पहिल्या ढिगात, त्याचा एकही मार्क कापू नका. घामानं आणि डोक्यानं जे सुधारलं असतं ते दुसऱ्या ढिगात, आणि तिथं एका मार्काचीही दया दाखवू नका. आपल्या पोराला तर मुळीच नाही.

क्युबाचा दिग्दर्शक हुलिओ गार्सिया एस्पिनोसा यानं १९६९ साली 'अपूर्ण सिनेमा'ची बाजू घेऊन एक निबंध लिहिला. घोटीव, चकचकीत सिनेमाकडे संशयानं पाहायला त्यानं जगभरच्या गरीब देशांतल्या पोरांना शिकवलं. बरोबर केलं. पण एस्पिनोसाचं नाव घेऊन आपल्याकडं काहीजण आळस खपवतात. आमचा सिनेमा गरिबांचा आहे, म्हणून तो ओबडधोबड असणारच, असं छाती पुढं काढून सांगतात. साफ खोटं. तालमीला पैसा लागत नाही. कॅमेरा कुठं ठेवायचा याचा विचार करायला पैसा लागत नाही. तेच शॉट आठवेळा करायला पैसा लागत नाही, कंबर लागते.

मालेगाव पाहा. यंत्रमागाचं गाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. घोडे कुठून आणणार? डाकू सायकलवर बसवले! पुढं तिथल्याच 'सुपरमॅन'च्या शूटिंगवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली आला. पैसा नाही हे त्या लोकांनी लपवलं नाही. त्याच्यातूनच त्यांनी हशा काढला, युक्ती काढली. सायकलवरचा डाकू हा गरिबीचा दोष होता, त्यांनी डोकं चालवून त्याचा गुण केला.

आता फाइटचं तंत्र. हे कुणाच्या बापाची जहागीर नाही. खोटा ठोसा खरा दिसतो तो कॅमेऱ्याच्या जागेमुळं. मारणारा आणि खाणारा यांच्यात हातभर अंतर ठेवा. कॅमेरा दोघांपैकी एकाच्या खांद्यामागं लावा. मूठ तोंडासमोरून निघून जाते आणि मधलं अंतर झाकलं जातं. मान वळायची ती मूठ पोचल्यावर. आधी वळली की सगळं मुसळ केरात. एकापासून दुसऱ्यापर्यंत, दोघांना जोडणारी खडूची रेघ जमिनीवर ओढा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहू द्या. नाहीतर डावीकडचा एकदम उजवीकडं जातो आणि कोण कोणाला हाणतंय तेच पाहणाऱ्याला समजत नाही. आवाज नंतर चढवायचा. ओला टॉवेल फरशीवर आपटा, सरकीच्या पोत्यावर काठी हाणा, निवांत बसून भरून घ्या. लेझीम जशी मोजून खेळतात तशी फाइट मोजून बसवा. आधी चालीच्या गतीनं, मग अर्ध्या वेगानं, अन् सगळ्यांच्या अंगात बसली की मग कॅमेरा सुरू.

बहुतेक पोट्टे हे करत नाहीत. तालीम टाळतात आणि एडिटिंगमध्ये तुकडे करून झाकतात. हात, पाय, डोळा, धूळ, पुन्हा हात. हाँगकाँगच्या जॅकी चॅनकडं पाहा. पूर्ण माणूस दिसेल इतका लांब कॅमेरा, सलग चाललेली मारामारी, आणि मारल्यावर स्वतःचाच हात दुखला म्हणून झटकणारा हिरो. सिनेमा संपल्यावर तो आपले फसलेले, लागलेले शॉटही दाखवायचा. ठोशामागची मेहनत आणि दुखणं दोन्ही उघड.

दुखण्यावरून आठवलं. गच्चीवरून उडी मारायची, चालत्या मोटारसायकलवरून पडायचं, असले प्रकार बंद करा. १९७५ च्या 'शोले'त हेमामालिनीचा टांगा भरधाव पळतो, त्या अवघड शॉटमध्ये टांग्यावर होती रेश्मा पठाण. लोकांनी टाळ्या हेमामालिनीला वाजवल्या. रेश्मा पठाण या बाईचं नाव सर्वसामान्यांपर्यंत पोचायला चाळीसएक वर्षं गेली. तिच्यावर सिनेमा आला तो २०१९ साली. नाव एकाचं आणि हाडं दुसऱ्याची, हा या धंद्याचा जुना कायदा आहे. आपल्या सिनेमात तरी तो नको. तुमच्या फिल्मचा गुंड झालेला पोट्टा दुसऱ्या दिवशी रोजीला जाणारा असतो. त्याचा हात मोडला तर घरातली चूल मोडते. खाली कुटाराची पोती टाका, जाड गोधडी टाका. तेवढंही जमत नसेल तर पडण्याचा शॉट काढू नका. पडलेला दाखवा, पडताना दाखवू नका.

अन् खोटा कट्टा, खोटी तलवार घेऊन भर रस्त्यावर शूटिंग करू नका. शहरातल्या मोठ्या घरचं पोरगं तसं उभं राहिलं तर ते 'शूटिंग' असतं. आपलं पोरगं तसं उभं राहिलं तर पोलीस आधी त्याची वस्ती विचारतात. परवानगीचा कागद खिशात ठेवा. बंद पडलेल्या शकुंतलेच्या रुळांवर फाइट चांगली दिसेल, कबूल. पण जागा कुणाची आहे ते आधी पाहा.

हे झालं हातापायाचं. खरा आळस असतो डोक्याचा.

कॉलेजच्या सिनेमात हिरो कोण होतो? ज्याचा कॅमेरा तो. नाहीतर ज्याची गाडी तो. गोरागोमटा असला तर सोन्याहून पिवळं. आणि गुंड कोण? काळा पोट्टा, राकट पोट्टा, होस्टेलचा पोट्टा. त्याला म्हणतात, यार तुझा चेहराच गुंडाचा आहे. तो हसतो. हसून दहावेळा मार खातो. अख्ख्या सिनेमात त्याला एक वाक्य नाही, एक नाव नाही. कागदावर तो 'गुंड क्रमांक ३' असतो. दोस्तहो, आमच्यातलेच पोट्टे दिग्दर्शक झाले तरी हीच वाटणी करतात, हे जास्त झोंबतं. कॅमेरा आपल्या हाती आला, पण नजर त्यांचीच राहिली.

आणि फाइट होते कशावरून? पोरीची कुणी छेड काढली. हिरो आला. ढिशुम. पोरगी कोपऱ्यात उभी राहून पाहते. तिलाही वाक्य नाही. हा आळसाच्या दोषांतला सगळ्यात मोठा दोष. ठोशाला कारण नाही आणि ठोशानंतर काही नाही. दहाजण पडले, हिरोनं केस मागं केले, नावं सुरू. खऱ्या गावात असं होतं काय? खऱ्या गावात एक थापड मारली तर त्यानंतर पोलीस ठाणं येतं, बहिष्कार येतो, पिठाच्या गिरणीवर दळण नाकारलं जातं, म्हातारी रात्रभर जागते. हे सगळं गाळून नुसती थापड दाखवायची, याला आम्ही खोटं बोलणं म्हणतो.

'दीवार' (१९७५) आठवा. गोदीतल्या हमालाची ती गोदामातली फाइट लोकांना अजून आठवते. का? कारण आधी हप्ता द्यायला नकार देणारा एक हमाल मेलेला आपण पाहिला असतो. ठोसा बसतो तेव्हा त्याच्या मागं हिशोब असतो. तामिळ 'असुरन' (२०१९) घ्या. पोराचा जीव वाचावा म्हणून बाप अख्ख्या गावाच्या पाया पडतो. इतका वाकलेला माणूस जेव्हा उसळतो तेव्हा खुर्चीतला माणूस उठून बसतो. आणि शेवटी तोच बाप पोराला शिकायला सांगतो.

आपला नागराज मंजुळे घ्या. 'फँड्री' (२०१३) हा मारधाडीचा सिनेमा नाही. पण शाळेसमोर डुकरामागं धावताना वर्गातली पोरं हसतात, ती हसतात, हसतच राहतात, आणि मग जब्याचा एक दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो. मराठी पडद्यावर यापेक्षा जोराचा फटका आम्ही तरी पाहिला नाही. त्याला किती खर्च आला? एक दगड. 'सैराट'च्या (२०१६) शेवटी तर खून दाखवलेलाच नाही. आवाज बंद, एक लहान लेकरू आणि फरशीवर उमटलेली लाल पावलं. मार न दाखवता माराची किंमत दाखवली.

तेव्हा दर्यापूरच्या पोट्ट्यांनो, विषय शोधायला मुंबईला जाऊ नका. तुम्ही खारपाण पट्ट्यात राहता. विहिरीचं पाणी खारट. गोड्या पाण्याच्या टाकीवर कुणाचा हंडा आधी लागतो आणि कुणाचा मागं सरकवला जातो, यात तुमच्या फिल्मची पहिली चार मिनिटं आहेत. तिथं कुणाचा हात उचलला जातो आणि कुणाचा अडवला जातो, यात पुढची चार. हात अडवणं हीही फाइट असते, विसरू नका. २० मार्च १९२७ ला महाडात लोकांवर हल्ला झाला. परत मारण्याची ताकद असलेली माणसं तिथं होती, पलटणीत राहिलेली माणसं होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. आवळलेली आणि तरी न उचललेली मूठ कॅमेऱ्यात पकडून दाखवा. दहा माणसं हवेत उडवण्यापेक्षा ते अवघड आहे.

आता मूल्यमापन. 'पिस्तुल्या' (२००९) ही मंजुळेंची शॉर्टफिल्म अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कॉलेजात शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेली. शाळेत जाऊ पाहणाऱ्या पोराची गोष्ट. तिला पुढं ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मान मिळाला. पण पुरस्कार मिळाला म्हणून ती मोठी, असं समजू नका. ज्या घरची ती गोष्ट होती त्या घरातून पाहिल्यासारखी ती काढली होती, म्हणून ती उभी राहिली.

म्हणून स्पर्धेला पाठवण्याआधी फिल्म वस्तीत दाखवा. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर बांधा. एकदा आवाज बंद करून दाखवा. आवाजाशिवाय गोष्ट समजली नाही तर समजा कॅमेऱ्यानं कामच केलं नाही. मग आवाजासह दाखवा आणि तुम्ही गप्प बसा. टाळ्या कुठं पडल्या यापेक्षा बाया कुठं गप्प झाल्या ते पाहा. मग विचारा. कोणाला मार बसला? कशावरून बसला? त्यानंतर त्याच्या घरी काय झालं असेल? मार खाणाऱ्याचं नाव आठवतं का? आणि हे पाहून तुमच्या लहान्यानं काय शिकावं असं वाटतं? या पाच प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या. ज्या प्रश्नाला वस्ती अडखळली तिथं पुन्हा कात्री लावा. लागलं तर पुन्हा शूट करा.

त्यानंतर स्पर्धेला खुशाल जा. परीक्षक म्हणेल आवाज खरखरतो. म्हणू द्या. त्याला विचारा, साहेब, 'गुंड क्रमांक ३' चं नाव सांगा पाहू. तुमच्या फिल्ममध्ये त्याला नाव असेल तर परीक्षकाला ते सांगता येईल. नसेल तर घरी या, कागद-पेन घ्या आणि आधी त्याचं नाव लिहा. पुढची फिल्म तिथून सुरू करा.