ड्रोन उडवायचा तर आधी दहावी!

फवारणीचा ड्रोन शेतात आला की पोरं बघायला पळतात. तो वाट कशी ओळखतो? किमान ४ उपग्रहांच्या संदेशांवरून जागा काढतो, जायरोस्कोपवरून कल ओळखतो अन् पंख्यांचा वेग कमी-जास्त करून तोल सावरतो. म्हणजे आपलं गणित-विज्ञानच की!

पण २०२१ च्या नियमांनुसार असा ड्रोन चालवायच्या प्रमाणपत्राला वय १८ अन् दहावी पास लागते. बीडमधली कितीतरी पोरं दिवाळीनंतर आई-बापांसोबत ऊसतोडीला जातात अन् त्यांची शाळा सुटते. म्हणून माझं मत सरळ आहे: ड्रोनच्या गप्पा नंतर, आधी गावात हंगामी वसतिगृह नीट चालवा. कोयता निघाला तरी लेकरू वर्गातच राहिलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?