नवा आहे म्हणून काय झालं?

रविवार, रात्रीचे साडेअकरा. सोमवारी सकाळी दहाला इंटरव्ह्यू, तोही व्हिडिओ कॉलवर. म्हटलं, एकदा माईक तपासून घेऊ. तपासला, तर माझा (एरवी मधुर) आवाज स्टँडवरच्या जुन्या भोंग्यासारखा खरखरत होता.

ड्रायव्हरचा घोटाळा असणार, एवढं मलाही कळतं. ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर आणि विंडोज यांच्यामधला दुभाष्या. शोधाशोध करून साउंड चिपचा 2024चा ताजा ड्रायव्हर उतरवला. लॅपटॉपनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आहे तोच सर्वोत्तम आहे म्हणे! आणि हा सर्वोत्तम कधीचा? 2019चा!

शेवटी सपोर्टमध्ये काम करणाऱ्या मावसभावाला उठवलं.

"ताई, नवा म्हणून पहिला नंबर मिळत नाही," तो जांभई देत म्हणाला.

विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला रँक देतं. शाळेतल्यासारखंच, आकडा जितका लहान तितका उमेदवार वरचा. आधी डिजिटल सही बघायची, ती नसलेला मागे. मधे फीचर्सचेही गुण असतात. मग खरी गंमत, ओळखपत्रांची. तुमचं हार्डवेअर आपले आयडी ओळीनं सांगतं, अगदी नेमक्यापासून मोघमापर्यंत. ज्या ड्रायव्हरमध्ये नेमका तुमच्या मॉडेलचा आयडी लिहिलाय तो पुढे; 'या जातीची कुठलीही चिप चालेल' म्हणणारा मागे. तारीख बघतात ती बरोबरी झाली तरच. तीही सारखी निघाली, तर व्हर्जन नंबर.

माझा 2019वाला खास माझ्या मॉडेलसाठी लिहिलेला. म्हणून तोच जिंकत होता, खरखरत का होईना. कारण 'बाबा रे, तू नीट चालतोस का?' हा प्रश्न या परीक्षेत कुणी विचारतच नाही!

तारखांचीही धमाल आहे. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर्सवर बहुतेक वेळा 21 जून 2006 ही तारीख असते. मुद्दाम जुनी, म्हणजे हार्डवेअर कंपनीनं दिलेल्या ड्रायव्हरला ते बाजूला सारत नाहीत. इंटेलच्या काही चिपसेट ड्रायव्हर्सवर तर 18 जुलै 1968! तो इंटेलचा स्थापना दिवस. पहिलं विंडोज बाजारात आलं 1985 साली, बोला! आपण बायोडेटात वय लपवतो, इथे वाढवून सांगतात.

उपाय साधा निघाला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यादीतून हवा तो ड्रायव्हर आपणच निवडायचा. तिथे विंडोज रँक बाजूला ठेवतं आणि तुमचं ऐकतं. पटलं नाही तर 'रोल बॅक' आहेच. मी निवडला, रीस्टार्ट मारला आणि भावाला पुन्हा फोन, लॅपटॉपवरून.

"ऐकू येतंय का रे?"

"येतंय गं ताई, स्वच्छ येतंय. आता झोपू दे!"

सकाळी दहाला स्क्रीनवर तिघं जण अवतरले. तोंडं हलत होती, आवाज शून्य. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "सर, जरा डिव्हाइस मॅनेजर उघडता का?"