हप्ता घेतला, हिशेब मिटवला

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २००८ रोजी एकमताने निकाल दिला की, २००२, २००३ आणि २००५ या तीन वर्षांत केंद्र सरकारने बेकारी विम्याचे जे हप्ते गोळा केले, त्या वसुलीला घटनेचा आधार नव्हता. हप्ते कामगारांच्या पगारातून कापले गेले होते, मालकांनीही भरले होते. असा निकाल लागल्यावर पैसे परत मिळणार, असेच कोणालाही वाटेल. ते मिळाले नाहीत. न्यायालयाने निकालाचा अंमल बारा महिने पुढे ढकलला. तेवढ्या अवधीत संसदेने पूर्वलक्षी कायदा करून त्या तीन वर्षांचे दर वैध ठरवले. पाठोपाठ २०१० च्या अर्थसंकल्पाने विम्याचे जुने खातेच बंद केले. त्या खात्यावर सुमारे ५७ अब्ज डॉलरची शिल्लक नोंदलेली होती. चुकीची वसुली झाली हे न्यायालयाने सांगायचे आणि ती परत करण्याची जबाबदारी मात्र कोणावरच येऊ द्यायची नाही, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

ही शिल्लक साचली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. १९३५ मध्ये कॅनडाच्या संसदेने बेकारी विम्याचा कायदा केला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९३७ मध्ये केंद्राच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. मग १९४० मध्ये खास घटनादुरुस्ती करून हा विषय केंद्राकडे देण्यात आला. कामगार, मालक आणि सरकार असे तिघे त्यात पैसे घालत. १९९० मध्ये सरकारने आपला वाटा थांबवला. तेव्हापासून योजना चालते ती कामगार आणि मालक यांच्याच पैशावर. मालकाचा हप्ता कामगाराच्या १.४ पट असतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मंदी होती, केंद्राची वार्षिक तूट ४२ अब्ज डॉलरवर गेली होती. १९९६ मध्ये नवा कायदा आला. किती आठवडे काम केले यापेक्षा किती तास केले, हे मोजले जाऊ लागले. नव्याने नोकरीला लागलेल्याला भत्ता मिळवण्यासाठी ९१० तास भरावे लागू लागले. अर्धवेळ काम करणाऱ्या बायका, पहिली नोकरी करणारी मुले, हंगामी मजूर यांच्यासाठी दार अरुंद झाले. १९९० च्या सुमारास दर शंभर बेकारांमागे ऐंशीहून अधिक जणांना भत्ता मिळत असे. दशक संपेपर्यंत हे प्रमाण निम्म्याखाली आले. हप्ता मात्र त्या बेताने उतरला नाही. १९९६ मध्ये शंभर डॉलर पगारामागे २.९५ डॉलर असलेला कामगाराचा हप्ता २००५ मध्येही १.९५ डॉलर होता. मंदीचा फटका सोसायला दहा ते पंधरा अब्ज डॉलरची गंगाजळी पुरेशी आहे, असे योजनेच्याच विमागणिततज्ज्ञांचे मत होते. प्रत्यक्षातली शिल्लक त्याच्या कितीतरी पट वाढत गेली. महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी आपल्या अहवालांतून याबद्दल वारंवार इशारे दिले.

आणि हा पैसा वेगळ्या पेटीत नव्हताच. १९८६ पासून विम्याचे खाते सरकारच्या एकूण हिशेबात मिळवलेले होते. हप्ता थेट संचित निधीत जमा होई, विम्याच्या खात्यावर फक्त नोंद राही. अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी १९९७-९८ मध्ये तूट संपवली, त्याचे देशभर कौतुक झाले. त्या यशात बेकारांच्या नावाने गोळा केलेल्या हप्त्यांचा वाटा किती मोठा होता, याची चर्चा प्रामुख्याने कामगार संघटनाच करत राहिल्या.

इथे सरकारची बाजू मांडणारे म्हणतात की, पैसा कोणी खाल्ला नाही, तो देशाच्याच कामी आला. रुग्णालये, निवृत्तिवेतन, कर्जफेड, सगळे त्यातूनच झाले. शिवाय मंदीच्या वर्षांत या खात्याची तूट सरकारनेच सोसली होती. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. पण तो पैसा कोणी भरला, हे त्यात येत नाही. विम्याचा हप्ता पगाराच्या एका मर्यादेपर्यंतच कापला जातो. १९९६ नंतरचे दशकभर ही मर्यादा वर्षाला ३९,००० डॉलर होती. वर्षाला पंचवीस हजार डॉलर कमावणाऱ्या कारखान्यातल्या मजुराच्या सगळ्या पगारावर हप्ता लागे. दोन लाख कमावणाऱ्या अधिकाऱ्याच्या पहिल्या ३९,००० वर लागे, पुढचे १,६१,००० मोकळे. मालमत्तेवरच्या उत्पन्नावर तर काहीच नाही. प्राप्तिकराची पायरी कमाईबरोबर चढते, हप्त्याची उतरते. म्हणजे देशाची तूट भरून काढण्याचे ओझे ज्यांच्या खांद्यावर सर्वात कमी असायला हवे होते, त्यांच्यावरच तुलनेने सर्वात जास्त पडले. संसदेत उभे राहून असा कर मागायची कोणाची छाती झाली नसती. हप्त्याच्या नावाखाली तो घेता आला.

क्वेबेकमधल्या सीएसएन या कामगार महासंघाने आणि आर्विदा येथील अ‍ॅल्युमिनियम कामगारांच्या संघटनेने याच मुद्द्यावर न्यायालय गाठले. खालची दोन्ही न्यायालये त्यांच्या विरोधात गेली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती लुई लेबेल यांनी निकाल लिहिला. शिल्लक सरकारने इतर कामांना वापरली यात बेकायदा काही नाही आणि ती रक्कम सरकारचे देणेही ठरत नाही, असे त्यांनी सांगितले. संघटनांची मुख्य मागणी इथेच संपली. पण २००१ च्या दुरुस्तीने हप्त्याचा दर योजनेच्या खर्चाशी जोडणारे कलम बाजूला ठेवून २००२ आणि २००३ चे दर ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे दिला होता. २००५ मध्ये पुन्हा तसेच झाले. खर्चाशी नाते तुटले की तो हप्ता राहत नाही, कर होतो आणि कर लावायचा तर लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने उघड शब्दांत अधिकार द्यावा लागतो, हे १८६७ च्या घटनेचे ५३ वे कलम. २००४ चा दर स्वतः संसदेने कायद्यात लिहिला होता, म्हणून ते वर्ष वाचले.

या निकालाच्या जेमतेम दोन वर्षे आधी, जानेवारी २००७ मध्ये, याच न्यायालयाने ‘किंगस्ट्रीट’ खटल्यात न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या नाइटक्लब मालकांना त्यांच्या मद्यखरेदीवर लावलेल्या घटनाबाह्य कराचे पैसे परत करण्याचा आदेश दिला होता. ग्राहकांकडून तुम्ही वसूल केलेच असतील, हा सरकारचा बचावही फेटाळला होता. घटनाबाह्य कर परत करणे हा नियम आहे, असे ठामपणे सांगणाऱ्या त्या निकालाने एक फट मात्र ठेवली. सरकारने मुदत मागावी आणि पूर्वलक्षी कायदा करावा. मद्याच्या खरेदीवरचा आकार परत मिळाला, त्या फटीतून गेला तो कामगारांचा पैसा. भिशी चालवणाऱ्याने जास्तीचे पैसे घेतले, पंचांनी त्याला चूक ठरवले आणि मग त्यालाच नियम बदलायला वर्षभर दिले, तर गल्लीतली माणसेही ते ऐकून घेणार नाहीत. दोन ठिकाणी नोकरी केल्याने ज्याचा हप्ता जास्त कापला गेला, त्याला कॅनडात आजही प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना तो परत मिळतो. छोट्या चुकीची भरपाई चोख होते.

त्यानंतर काहीच सुधारले नाही, असे नाही. २०१७ पासून सात वर्षांत जमा आणि खर्च जुळतील असा दर ठरवला जातो. त्या वर्षी हप्ता १.८८ वरून १.६३ डॉलरवर आला. पण भरतो तो आणि मिळते त्याला यांच्यातले अंतर अजून मिटलेले नाही. मेक्सिको आणि कॅरिबियन देशांतून येणारे हंगामी शेतमजूर वर्षानुवर्षे हा हप्ता भरतात. हंगाम संपला की त्यांना देश सोडावा लागतो आणि नियमित भत्ता मागायला देशात कामासाठी उपलब्ध असावे लागते. त्यांच्या वतीने २०२३ मध्ये ओंटारिओत सरकारविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. ज्यांना मतदानाचा हक्क नाही, त्यांच्या पैशासाठी संसदेत कोणी भांडणार नाही. म्हणून न्यायालयाने या वेळी तरी परताव्याचा प्रश्न पुन्हा संसदेच्या दारात सोडू नये.

आपल्याकडे घटनेच्या २६५ व्या कलमात हेच तत्त्व आहे, कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही. आणि नेमकी तीच फट आपल्याकडेही आहे. १९६९ च्या पृथ्वी कॉटन मिल्स खटल्यापासून वैधीकरणाचे कायदे आपल्या न्यायालयांनी मान्य केले आहेत. कर्मचारी राज्य विमा योजनेत सरकारने १ जुलै २०१९ पासून एकूण अंशदान साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणले, हे योग्यच झाले. पण नोकरी गेलेल्या सभासदाला मिळणाऱ्या भत्त्याची माहिती असलेले कामगार ठाण्या-भिवंडीच्या कारखान्यांत शोधावे लागतात. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी घेतल्या जाणाऱ्या उपकराचे तर विचारूच नये. मार्च २०१८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक गोळा झाले आणि खर्च झाले सुमारे साडेनऊ हजार कोटी. मजुरांच्या नावावर लॅपटॉप आणि धुलाईयंत्रे घेतल्याचे उल्लेखही त्यात आहेत.

म्हणून विम्याच्या आणि कल्याणाच्या नावाने घेतलेला पैसा वेगळ्या निधीत ठेवणे कायद्याने सक्तीचे व्हावे. त्याचा दर खर्चाशी बांधलेला असावा, शिल्लक किती असावी याची कमाल मर्यादा ठरावी आणि ती ओलांडली की जादा रक्कम भत्त्याचे दिवस वाढवून किंवा हप्ता उतरवून त्याच कामगारांकडे जावी. वसुली बेकायदा ठरल्यावर सरकारला पूर्वलक्षी कायदा करायचाच असेल, तर परताव्याची तरतूद त्याच विधेयकात असावी. ती नसलेले विधेयक सभागृहाने मंजूर करू नये. राज्यात बांधकाम मजुरांच्या उपकराचे मंडळ आहे, त्याचा निधी आहे. त्या निधीतली शिल्लक आणि नोंदणी झालेल्या मजुरांपर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेली रक्कम, दोन्ही जिल्हानिहाय विधिमंडळाच्या पटलावर ठेवायला सरकारला कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही.